१९५२ चे चॅम्पियन: यादी बरोबर आहे, पण एक रकाना राहिलाय

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या गॅदरिंगला क्विझ ठेवायचीय, त्यात "१९५२ चं क्रीडाविश्व" असा एक राउंड आहे, जुन्या इयरबुकातून विजेत्यांची यादी उतरवून काढलीय आणि ती तपासून हवीय. सोबत दोन उपप्रश्न. एक, खाशाबा जाधवांचं पदक "पहिलं" म्हणायचं की नाही, कारण कुणीतरी नॉर्मन प्रिचर्डचं नाव काढलं. दोन, आजोबा सांगायचे की त्यांनी मुंबईत एक वर्ल्ड चॅम्पियन बघितला होता ज्याच्या बॅटचा आवाजच यायचा नाही, हे खरं की थाप?

थाप नाही. येतो त्याच्याकडे.

मी ३२ वर्षं मराठी पेपरच्या स्पोर्ट्स डेस्कवर काढली, त्यातली निम्मी "आजच्या दिवशी" आणि जुने रेकॉर्ड या खात्यात. तुमची यादी वाचली, नावं जवळजवळ सगळी बरोबर आहेत. पण अशा यादीत माझ्या मते कायम एक रकाना कमी असतो: त्या वर्षी नियम काय होता. कोण जिंकलं ते सगळे लिहितात, पण कुठल्या नियमात, कुठल्या पिचवर, कुठल्या बॅटने जिंकलं ते नाही लिहिलं की ७० वर्षांनी वाचणारा आजचे नियम डोक्यात ठेवून ती यादी वाचतो आणि फसतो. मी स्वतः फसलोय, पुढे सांगतो.

आधी किरकोळ दुरुस्त्या उरकून टाकू.

टेनिसमध्ये तुम्ही विम्बल्डनला फ्रँक सेजमन आणि मॉरीन कॉनोली लिहिलंय, करेक्ट. सेजमनने फायनलला यारोस्लाव ड्रॉबनीला हरवलं, कॉनोलीने लुईस ब्रो हिला, आणि कॉनोली तेव्हा १७ वर्षांची होती. पण तिथे "जगातला नंबर एक" असं जे लिहिलंय ते काढा. तेव्हा विम्बल्डन फक्त अमॅच्युअर लोकांसाठी होतं, पैसे घेऊन खेळणाऱ्याला गेटच बंद, त्यामुळे पाँचो गोन्झालेससारखे लोक त्या यादीत असूच शकत नव्हते. सेजमन स्वतः डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाला डेव्हिस कप जिंकून देऊन लगेच प्रोफेशनल झाला आणि यादीतून गायब.

फॉर्म्युला वनला आल्बर्टो अस्कारी, फेरारी. हेही बरोबर. पण त्या वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या युरोपातल्या सगळ्या रेस फॉर्म्युला टूच्या २ लिटर इंजिनच्या नियमावर झाल्या, कारण अल्फा रोमिओ मैदान सोडून गेली होती आणि फेरारीसमोर मोठ्या गाड्या उरल्याच नव्हत्या. अस्कारीने पहिली स्विस रेस सोडली कारण तो अमेरिकेत इंडियानापोलिसच्या तयारीला गेला होता, आणि परत आल्यावर उरलेल्या सहाच्या सहा जिंकला. आता गंमत बघा, इंडियानापोलिस ५०० हीसुद्धा तेव्हा त्याच चॅम्पियनशिपमध्ये धरली जायची, म्हणून "१९५२ ला फेरारीने सगळ्या रेस जिंकल्या" हे चूक, ती एक रेस ट्रॉय रटमनने जिंकली. क्विझमध्ये कुणीतरी हुशार पालक नेमकं यावर बोट ठेवतो.

टूर द फ्रान्सला फाउस्टो कोपी. त्याने त्या वर्षी इटलीची जिरो आणि टूर दोन्ही मारल्या. टूरमध्ये दुसऱ्यापेक्षा २८ मिनिटांहून जास्त पुढे, इतका पुढे की रेसमध्ये जीव राहावा म्हणून आयोजकांनी मधेच दुसऱ्या नंबरचं बक्षीस वाढवलं. आल्प द्युएझच्या घाटावर टूरचा टप्पा पहिल्यांदा संपला तो याच वर्षी, आणि तोही कोपीनेच घेतला.

बॉक्सिंगला हेवीवेटमध्ये रॉकी मार्सियानो, २३ सप्टेंबर, फिलाडेल्फिया, जर्सी जो वॉलकॉटला १३ व्या राउंडला आडवा केला. तोपर्यंत मार्सियानो गुणांवर मागे होता म्हणजे १५ राउंड पूर्ण झाले असते तर यादीत कदाचित दुसरंच नाव असतं. पण मला स्वतःला त्या वर्षीची दुसरी फाइट जास्त आवडते, जी यादीत कुणी लिहीत नाही कारण चॅम्पियन बदललाच नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर शुगर रे रॉबिन्सन वरच्या वजनाच्या जोई मॅक्सिमशी लढला, गुणांवर आरामात पुढे होता, पण उकाडा इतका भयंकर की आधी रेफ्रीच गळाला, १० व्या राउंडनंतर दुसरा रेफ्री आणावा लागला, आणि १३ वा राउंड संपल्यावर रॉबिन्सन स्टुलावरून उठूच शकला नाही. मॅक्सिम जिंकला. यादीत फक्त "मॅक्सिम" एवढंच.

असंच ल मांच्या २४ तासांच्या रेसचं. विजेते मर्सिडीजचे लांग आणि रीस. पण पियेर लव्हेघ नावाचा फ्रेंच ड्रायव्हर जोडीदाराला स्टिअरिंग न देता एकटाच जवळजवळ २३ तास गाडी चालवत सगळ्यांच्या पुढे होता, शेवटच्या तासाभरात गाडी गेली. जमलं तर असा एक प्रश्न ठेवा, पोरांना आवडतो.

आता आजोबांची गोष्ट.

फेब्रुवारी १९५२, मुंबई, ब्रेबॉर्न स्टेडियम. टेबल टेनिसची वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदाच आशियात आली आणि ती आपल्या चर्चगेटला. तोवर हा खेळ म्हणजे हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, इंग्लंड यांची जहागीर. सगळ्यांच्या बॅटी एकसारख्या, लाकडावर पातळ दाणेदार रबर, बॉल लागला की टॉक, समोरच्याने मारला की टॉक, त्या आवाजाच्या तालावर खेळ चालायचा. आणि हे नुसतं प्रेक्षकांसाठी नव्हतं बरं का, खेळणारे लोक त्या आवाजावरून ओळखायचे की बॉल किती जोरात आणि कसा लागलाय. डोळे आणि कान दोन्ही लागायचे.

जपानचा हिरोजी सातो आला तो लाकडावर जाड स्पंज चिकटवलेली बॅट घेऊन. चष्मेवाला, अंगाने किरकोळ, जपानमध्येसुद्धा तो काही पहिल्या क्रमांकाचा प्लेअर नव्हता. बॉल त्या स्पंजमध्ये रुतायचा आणि गोफणीतून सुटावा तसा बाहेर यायचा, आवाज मात्र काही नाही. समोरच्याला कळायचंच नाही की बॉल लागला कधी आणि निघाला कधी. मोठमोठे डिफेंडर, ज्यांचा सगळा खेळ लांबून शांतपणे बॉल परत करण्यावर होता, ते पार गोंधळून गेले. फायनलला त्याने हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवलं. त्याच्याकडून तिथे हरलेला अमेरिकेचा मार्टी राइसमन पुढे आयुष्यभर जुन्या दाणेदार बॅटीची बाजू घेऊन भांडत राहिला, १९९७ साली म्हणजे साठी उलटून गेल्यावर त्याने अमेरिकेची हार्डबॅटची नॅशनल मारली.

म्हणजे आजोबा पूर्ण खरं सांगत होते. त्या टूर्नामेंटची बाकीची नावं पण लिहून ठेवा: बायकांची सिंगल्स रुमानियाची आंजेलिका रोझेआनू (तिची ओळीने तिसरी, नंतर अजून तीन जिंकली), पुरुषांचा सांघिक स्वेथलिंग कप हंगेरीला, बायकांचा सांघिक कॉर्बिलॉन कप जपानला. आता माझा रकाना: स्पंज चालतो की नाही याचा त्या वेळी नियमच नव्हता. बॅट कशाचीही असू शकत होती. पुढच्या वर्षी बुखारेस्टला जपान गेलंच नाही, हंगेरीच्या शिदोने जुन्या बॅटीने वर्ल्ड जिंकली आणि लोकांना वाटलं की झालं, फॅड संपलं. १९५४ ला ओगिमुरा स्पंज घेऊन आला आणि जिंकला. शेवटी १९५९ साली फेडरेशनने रबर आणि स्पंज मिळून जाडी किती असावी ते ठरवून दिलं आणि आज कुठल्याही जिमखान्यात जी बॅट मिळते ती त्या नियमातून आलेली आहे. सातो परत कधी वर्ल्ड जिंकला नाही.

आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात मद्रासला क्रिकेटमध्ये इंग्लंडविरुद्ध भारत आयुष्यातली पहिली टेस्ट जिंकत होता. ६ फेब्रुवारीला मॅच सुरू झाली, त्याच दिवशी इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज गेला, म्हणून रेस्ट डे अलीकडे ओढून दुसऱ्याच दिवशी घेतला. विनू मंकडने पहिल्या डावात ५५ धावांत ८, दुसऱ्यात ५३ धावांत ४. पंकज रॉय १११, पॉली उम्रीगर नाबाद १३०, कॅप्टन विजय हजारे. एक डाव आणि ८ धावांनी विजय. १९३२ पासून २० वर्षं, २५ वी टेस्ट. तुमच्या यादीत "भारत विजयी" असं लिहिलंय, त्यापुढे "मालिका १-१" हे पण लिहा, नाहीतर मुलं समजतील की आपण सिरीज जिंकलो. आणि इंग्लंडचा तो संघ पहिल्या फळीचा नव्हता हेही खरं आहे, हटन, बेडसर, कॉम्प्टन आलेच नव्हते. मंकडचे ८ बळी त्याने कमी होत नाहीत, पण रकान्यात लिहायला हवं.

कारण चारच महिन्यांत पहिल्या फळीचा संघ भेटला. लीड्सला पहिल्या डावात हजारे आणि विजय मांजरेकर यांनी २२२ ची भागीदारी केली, मांजरेकरचे १३३, सगळं छान. दुसऱ्या डावात धावफलक ४ बाद शून्य. शून्याला चार! पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर, १४ बॉलमध्ये सगळे आत. त्यातले तीन फ्रेड ट्रूमनचे, त्याची पहिलीच टेस्ट. माधव मंत्री म्हणजे सुनील गावसकरचे मामा, हे मुंबईतल्या क्विझमध्ये विचारलंच जातं. लॉर्ड्सला मंकड लँकेशायरमधल्या क्लबकडून सुटी काढून आला आणि ७२, मग ७३ ओव्हर टाकून ५ बळी, मग १८४. मॅच हरलो ८ विकेटने. लोक अजून तिला मंकडची टेस्ट म्हणतात, विजेत्यांच्या यादीत अर्थात इंग्लंड.

मँचेस्टरला तर १९ जुलै, शनिवार, एकाच दिवसात भारत दोनदा ऑलआउट. ५८ आणि ८२. ट्रूमन ३१ धावांत ८. इथेही रकाना भरा, पिच तेव्हा आजच्यासारखं झाकून ठेवत नव्हते, पाऊस पडला की जे होईल ते होईल. आमचे लोक ट्रूमनला घाबरून लेगला सरकत होते हेही तितकंच खरं, उगाच सगळा दोष पावसावर नको.

तो शनिवार लक्षात ठेवा, कारण त्याच दिवशी हेलसिंकीला ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं, पावसातच, आणि फिनलंडचा जुना धावपटू पाव्हो नुर्मी मशाल घेऊन स्टेडियममध्ये आला.

क्रिकेट संपवून टाकतो: ऑक्टोबरमध्ये पाकिस्तान त्यांची पहिलीच टेस्ट खेळायला दिल्लीला, मंकडचे १३ बळी, आपण डावाने जिंकलो. आठवड्याभरात लखनौला गोमतीच्या काठच्या मैदानावर तागाच्या मॅटिंगवर मॅच, फझल महमूदचे १२ बळी, ते डावाने जिंकले. पिच बदललं, आणि मंकड-हजारे तिथे खेळले नव्हते. मग मुंबईत आपण १० विकेटने, आणि तिथेच मंकडचे १,००० धावा आणि १०० बळी २३ व्या टेस्टमध्ये पूर्ण झाले. सिरीज २-१, कॅप्टन लाला अमरनाथ.

आता हेलसिंकी. धावपटू झाटोपेकबद्दल मी लांबण लावत नाही, ५,०००, १०,००० आणि आयुष्यातली पहिली मॅरेथॉन, तिन्ही गोल्ड, आठवड्याभरात, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या ५,००० च्या दिवशीच बायको डानाने भालाफेकीत गोल्ड घेतलं हे विचारा. पण नियमाच्या दृष्टीने हेलसिंकीचा खरा माणूस माझ्यासाठी जमैकाचा हर्ब मॅकेन्ली. १०० मीटरला पहिला लिंडी रेमिजिनो, वेळ १०.४, दुसरा मॅकेन्ली, वेळ १०.४. ४०० मीटरला पहिला जॉर्ज रोडन ४५.९, दुसरा मॅकेन्ली ४५.९. दोन्हीकडे वेळ तीच आणि दोन्हीकडे सिल्व्हर. अधिकृत वेळ हाताच्या घड्याळाची, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच, आणि नंबर ठरायचा फिनिशच्या फोटोवरून. १०० ला तर पहिल्या चौघांची वेळ १०.४ आहे. मुलांना सांगा की यादीत छपाईची चूक नाही. मॅकेन्लीने शेवटी ४ बाय ४०० रिलेत वर्ल्ड रेकॉर्डसकट गोल्ड घेतलं, बरं वाटतं.

मेडल टेबलमध्ये अमेरिका ४० गोल्ड, सोव्हिएत युनियन २२, ते पहिल्यांदाच आले होते. फुटबॉलला हंगेरी, पुश्काशचा संघ. त्याच युगोस्लाव्हियाकडून, जो फायनलला हंगेरीशी हरला, आपण सुरुवातीलाच १०-१ ने हरलो होतो, आपले बरेचसे खेळाडू अनवाणी. त्यानंतर आपल्या फेडरेशनने बूट सक्तीचे केले. "१९५० ला बूट नाहीत म्हणून वर्ल्ड कपला गेलो नाही" ही जी गोष्ट सगळीकडे फिरते तिच्यात किती तथ्य ते सोडा, पण बुटाचा नियम आला तो हेलसिंकीच्या मारानंतर, हे मात्र पक्कं.

हेलसिंकीला गेलेल्या आपल्या पथकात मुंबईची मेरी डिसूझा आणि बंगालची नीलिमा घोष धावायला होत्या, पोहायला आरती साहा आणि डॉली नाझीर. ऑलिम्पिकच्या मैदानात स्वतंत्र भारताकडून उतरलेल्या पहिल्या बायका. यांची नावं विजेत्यांच्या यादीत येत नाहीत म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

हॉकीचं गोल्ड: कॅप्टन के. डी. सिंग "बाबू". ऑस्ट्रियाला ४-०, ब्रिटनला ३-१, फायनलला हॉलंडला ६-१. बलबीर सिंग सीनियरने ब्रिटनविरुद्ध तीन आणि फायनलला पाच मारले. आता बघा, गोल्डसाठी एकूण मॅच किती? तीन. आज जितक्या खेळाव्या लागतात त्याच्या निम्म्याही नाहीत, कारण सरळ नॉकआउट होतं आणि पहिल्या फेरीत आपल्याला बाय. आणि "के. डी." हे नाव नीट लिहा. एका जुन्या पुरवणीत हेलसिंकीचे "कॅप्टन के. डी. जाधव" असं छापलेलं मी पाहिलंय, हॉकीचे के. डी. आणि कुस्तीचे के. डी. म्हणजे खाशाबा, दोन्ही एकत्र करून टाकले होते.

तर खाशाबा. कराडजवळचं गोळेश्वर, घरातच कुस्ती. १९४८ ला लंडनला फ्लायवेटमध्ये सहावे आले, आणि मॅटवर पहिल्यांदाच तिथे खरे उभे राहिले म्हणायला हरकत नाही, कारण आपल्याकडे सगळं लाल मातीत. हा फरक ज्याने तालीम पाहिली नाही त्याला पटकन कळत नाही. मातीत पाय रुततो, अंगाला माती लागली की पकड बसते, कुस्ती निकाली करायची म्हणजे चितपट, मग अर्धा तास का लागेना. मॅटवर घाम आला की हात निसटतो, पाय सरकतो, आणि वर घड्याळ चालू. ढाकेसारखा डाव मातीत जितका वेळ घेऊन बांधता येतो तितका तिथे मिळत नाही. खाशाबांचं वैशिष्ट्य हे की अंगाने लहान आणि वेगाने डाव टाकणारे, त्यांना ते जमलं.

१९५२ ला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. त्या काळचे सात हजार.

आता माझी फजिती. एका वर्धापनदिनाच्या पानात मी लिहिलं होतं, "ब्रॉन्झपदकाच्या लढतीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवलं." छान वाक्य, छापून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन, पलीकडे कोल्हापूरकडचे एक म्हातारे वस्ताद, नमस्कार-चमत्कार काही नाही, "अहो साहेब, कुठली ब्रॉन्झची लढत? कुणाबरोबर झाली ती? मला नाव सांगा." मी इयरबुक उघडलं, रिझल्ट शीट काढली, आणि गप्प बसलो. अशी लढत झालीच नव्हती. आजच्या कुस्तीत ब्रॉन्झची वेगळी लढत असते, रेपेचाज म्हणजे हरलेल्याला दुसरी संधी असते, तो आजचा नियम मी १९५२ वर चिकटवला होता.

तेव्हाची पद्धत दोष-गुणांची. प्रत्येक पैलवान शून्यावर सुरू करायचा. समोरच्याला चितपट केलं तर शून्यच, गुणांवर जिंकलात तर जिंकूनसुद्धा तुमच्या नावावर एक दोष-गुण, आणि सरळ हरलात तर तीन. पाच झाले की बाहेर. म्हणजे एक कुस्ती हरूनही माणूस स्पर्धेत राहायचा, आणि गुणांवर जिंकत राहणाऱ्याच्या डोक्यावरही टांगती तलवार. शेवटी जे तीन उरायचे त्यांच्यात एकमेकांशी ज्या कुस्त्या झाल्या त्यावर गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ. ही पद्धत खरं तर मातीतल्या माणसाला सोयीची होती असं माझं मत आहे, कारण चितपट करणाऱ्याला ती बक्षीस देते. खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या पैलवानाला चितपट केलं, त्या दोन कुस्त्यांत खात्यावर काही चढलंच नाही, जर्मनीच्या पैलवानालाही हरवलं, आणि ते शेवटच्या तिघांत आले. बाकी दोघं म्हणजे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत युनियनचा रशीद मामेदबेकोव्ह. दोघांशीही खाशाबा हरले. इशीबरोबरची कुस्ती लांबली, गुणांवर गेली, आणि त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता पुढच्या कुस्तीला उभं राहावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास मिळायला हवा हा नियम होता, तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. हे वाचून मला अजून राग येतो. इशीने गोल्ड घेतलं, जपानचं त्या ऑलिम्पिकमधलं एकमेव गोल्ड. २३ जुलै १९५२, खाशाबांचं ब्रॉन्झ.

परत आल्यावर कराड स्टेशनावरून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. १९५५ ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आता प्रिचर्ड. नॉर्मन प्रिचर्ड कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज, १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकला २०० मीटर आणि २०० मीटर हर्डल्समध्ये दोन सिल्व्हर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ही पदकं भारताच्या नावावर धरते, अॅथलेटिक्सचे इतिहासकार ती ब्रिटनची मानतात. वाद कधी मिटणार नाही कारण त्या वेळी देशाचा संघ पाठवायचा वगैरे नियमच नव्हता, माणूस आपला आपण जाऊन नाव द्यायचा. म्हणून क्विझमध्ये "भारताचं पहिलं वैयक्तिक पदक कुणाचं" असा प्रश्न ठेवू नका, हॉलमध्ये भांडणं होतील. "स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक" असं विचारा, उत्तर एकच, खाशाबा जाधव, कुणी तोंड उघडणार नाही.

हो, एक राहिलं, हिवाळी ऑलिम्पिक. फेब्रुवारीत ओस्लोला झालं, तुमच्या यादीत नाहीच आहे. तिथली एकच गोष्ट सांगतो कारण ती माझ्या रकान्याची आहे. बॉबस्लेला जर्मनीने दोन्ही गोल्ड घेतली, आणि चौघांच्या संघात त्यांनी आपल्याकडचे सगळ्यात जाडजूड गडी निवडून बसवले होते, चौघांचं मिळून वजन ४७२ किलो. उतारावर जड स्लेज जास्त पळते, साधं फिजिक्स. वजनाची मर्यादा घालणारा नियम मग त्यानंतर आला. पोरं हसतील, हमखास.

आणि सगळ्यात शेवटी टायब्रेकरला हा एक ठेवा, मी गेली कित्येक वर्षं विचारतोय आणि बरोबर उत्तर फार कमी वेळा येतं: हेलसिंकीलाच, खाशाबांच्या वरच्या वजनात, ६२ किलो फ्रीस्टाइलला, एक मराठी पैलवान चौथा आला, ब्रॉन्झ अमेरिकेच्या जोसाया हेन्सनकडे गेलं. त्याचं नाव काय? उत्तर केशव माणगावे. कार्डावर उत्तराच्या बाजूलाच नाव नीट लिहून द्या, नाहीतर क्विझमास्तरच अडखळतो.